यंत्राची संहिता आणि क्षेपक तारा

जुने संगणक दुरुस्त करून पुन्हा चालते करणाऱ्या मंडळींच्या व्यवहारात एका शब्दाला मंत्राचे स्थान आले आहे. तो शब्द म्हणजे 'मूळ'. बोर्ड मूळ हवा, खोके मूळ हवे, चिपा मूळ हव्यात. मधल्या तीस-चाळीस वर्षांत कुणी त्यात एखादी तार ओढली असेल, एखादे बटण बसवले असेल, बोर्डावरचा एखादा तांब्याचा मार्ग कापून दुसरीकडे जोडला असेल, तर ते सारे उपटून यंत्र 'कारखान्यातून निघाले तसे' करावे, हेच जीर्णोद्धाराचे अंतिम ध्येय होय, असे तेथे बहुधा गृहीत धरले जाते. विक्रीच्या जाहिरातीत 'फेरफार न केलेले' हे विशेषण किंमत चढवते. 'फेरफार केलेले' हे विशेषण क्षमायाचनेच्या सुरात येते. हे गृहीतक चुकीचे आहे, एवढेच नव्हे तर ते विध्वंसक आहे, असे मला येथे मांडावयाचे आहे.

साहित्याच्या वाचकांनी या भानगडीत का पडावे, असा प्रश्न कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. ही भानगड मुळात आपली आहे. एक वस्तू अनेक हातांतून जाते. प्रत्येक हात तिच्यात काही घालतो, काही गाळतो, काही सुधारतो, काही बिघडवतो. आणि शेवटी ती ज्याच्या पुढ्यात येते त्याला ठरवावे लागते की हिचे 'खरे' रूप कोणते. पाठचिकित्सेचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे. ग्रंथांच्या बाबतीत आपण ज्या चुका शंभर वर्षांपूर्वी ओळखल्या, त्याच चुका यंत्रांच्या बाबतीत आज उत्साहाने केल्या जात आहेत. आणि ज्यांनी त्या ओळखल्या ते शास्त्र आपल्या वर्गांत केवळ परीक्षेपुरते शिकवले जात आहे.

उदाहरण एकच घेऊ, पण नीट घेऊ. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये जाहीर झाला. १६ किलोबाइट मेमरीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड. रबरी कळा, आत झेड-८० प्रोसेसर, १६ किलोबाइटची रॉम, आणि पडदा म्हणून घरातला दूरचित्रवाणी संच. स्वस्ताईमुळे तो मध्यमवर्गीय घरांत शिरला, आणि घराघरांत लोकांनी तो उघडला. आज जीर्णोद्धारासाठी टेबलावर येणाऱ्या स्पेक्ट्रमांपैकी कित्येकांच्या पोटात अशा उघडण्याच्या खुणा असतात. या यंत्राचे 'मूळ' रूप कोणते, ते आता पाहू.

पहिल्या आवृत्तीच्या बोर्डांवर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. एक लहानशी चिप उलटी, पाय वर करून चिकटवलेली, आणि तिच्या पायांना तारा जोडलेल्या. मेलेल्या झुरळासारखी ती दिसते, म्हणून तिला झुरळच म्हणतात. फेरँटी कंपनीकडून करून घेतलेल्या मुख्य चिपेत एक दोष निघाला, तेव्हा यंत्रे अडवून ठेवण्याऐवजी कारखान्यातच हे ठिगळ लावले गेले. दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डांवर प्रोसेसरच्या पायांवर वरून सोल्डर केलेला एक ट्रान्झिस्टर आढळतो. तेही कारखान्याचेच ठिगळ. मेमरीची कथा याहून बोलकी आहे. ४८ किलोबाइटच्या यंत्रांत वरच्या ३२ किलोबाइटसाठी ज्या चिपा वापरल्या, त्या वस्तुतः दुप्पट क्षमतेच्या पण अर्ध्या निकामी निघालेल्या चिपा होत्या. चांगला अर्धा भाग कोणता, हे बोर्डावरच्या एका छोट्या तारेच्या जोडणीने ठरवले जाई. म्हणजे ज्या निर्दोष आरंभबिंदूकडे आमचे मूळवादी मित्र परतू पाहतात, तेथे पोहोचल्यावर त्यांना एक मेलेले झुरळ, वरून डकवलेला ट्रान्झिस्टर आणि अर्ध्या निकामी चिपा भेटतात. आद्य प्रतच दुरुस्त केलेली आहे.

पुढे १९८३ साली तिसरी आवृत्ती आली. तिच्यात मुख्य चिप बदलली, आणि कळफलक वाचताना मिळणाऱ्या उत्तरात एका बिटाचा फरक पडला. परिणामी दुसऱ्या आवृत्तीवर लिहिलेले काही खेळ तिसऱ्या आवृत्तीवर कळा ओळखेनासे झाले. दोन्ही यंत्रे अधिकृत, दोन्हींवर एकच नाव, दोन्ही 'कारखान्यातून निघाली तशी'. यांतले मूळ कोणते? हा प्रश्न ज्याला अवघड वाटतो त्याने ज्ञानेश्वरीच्या प्रतींचा इतिहास चाळावा. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती ग्रंथ रचला गेल्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि तिच्या प्राचीनतेविषयी वाद पेटले. त्या वादाने आपल्याला जे शिकवले ते असे की, 'मूळ' ही सापडणारी वस्तू नसून, उपलब्ध पुराव्यावरून केलेले अनुमान आहे. ज्याच्यापाशी पुरावा नाही त्याच्यापाशी अनुमानही नाही. आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली जो पुरावाच उपटून टाकतो, त्याच्याविषयी काय बोलावे?

आता वापरणाऱ्यांनी केलेल्या फेरफारांकडे वळू. झेड-८० प्रोसेसरचा सतरावा पाय असा आहे की त्यावर इशारा आला म्हणजे प्रोसेसरला तो नाकारता येत नाही. हातातले काम सोडून त्याला रॉममधल्या एका ठरलेल्या जागी जावेच लागते. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये त्या जागी एक इवलासा प्रोग्राम आहे. मेमरीतल्या एका ठरावीक घरात वापरणाऱ्याने आपल्या प्रोग्रामचा पत्ता ठेवावा. पत्ता असेल तर तिकडे जावे, घर शून्य असेल तर मुकाट्याने परत फिरावे, असा त्यामागचा हेतू उघड दिसतो. पण अट उलटी लिहिली गेली. 'शून्य असेल तर परत फिर' याऐवजी 'शून्य नसेल तर परत फिर' असे झाले. त्यामुळे पत्ता ठेवला तर काहीच घडत नाही. आणि न ठेवला तर प्रोसेसर शून्य पत्त्यावर जातो, यंत्र पहिल्यापासून सुरू होते आणि मेमरीतले सारे पुसले जाते. फरक एका बाइटचा. षोडशमान पद्धतीत २८ हवे तेथे २० पडले. लेखनिकाच्या हातून एक 'न' अधिक पडावा आणि वाक्याचा अर्थ फिरावा, तसा हा प्रकार. सर्वसाधारणपणे तो चूक म्हणूनच ओळखला जातो.

समजा, आपल्यापुढे एक स्पेक्ट्रम आला. खोक्याच्या कडेला हाताने पाडलेले भोक, त्यात एक दाबायचे बटण, बटणापासून प्रोसेसरच्या सतराव्या पायापर्यंत एक तार. रॉमच्या जागी कारखान्याची चिप नाही. काचेची खिडकी असलेली, पुन्हा लिहिता येणारी ईप्रॉम चिप आहे, तिचे एक-दोन पाय वाकवून वरून तारा ओढलेल्या आहेत, आणि खिडकीवर कागदाची चिठ्ठी डकवून तिच्यावर पेनाने काही खूण केली आहे. हे यंत्र मी उदाहरणासाठी कल्पिले आहे, परंतु त्यातला एकेक फेरफार त्या काळच्या छांदिष्टांच्या परिचयाचा आहे. मूळवादी मनुष्य काय करील? बटण काढील, भोक बुजवील, ईप्रॉम उपटून तेथे कारखान्याची रॉम बसवील. दोन विद्रूप क्षेपके गेली, यंत्र शुद्ध झाले.

प्रत्यक्षात त्याने काय केले? त्या ईप्रॉममधली १६ किलोबाइटे कारखान्याच्या रॉमशी ताडून पाहिली असती, तर कदाचित एकच बाइट वेगळा निघाला असता : २० च्या जागी २८. म्हणजे कुणा अनामिक वाचकाने संहिता शब्दशः वाचली, तिच्यातला अपपाठ हेरला, तो दुरुस्त केला, आणि दुरुस्त पाठ वापरता यावा म्हणून खोक्याला भोक पाडून बटण बसवले. बटण आणि ईप्रॉम ही दोन क्षेपके नाहीत; ती एकाच पाठशुद्धीची दोन अंगे आहेत. एकटे बटण पाहिले तर निरर्थक, एकटी ईप्रॉम पाहिली तर अनावश्यक. याहून वाईट म्हणजे, अर्धवट शुद्धीकरण करणारा एखादा गृहस्थ नुसती ईप्रॉम बदलून बटण तसेच ठेवील. मग तेच बटण दाबले की यंत्रातले काम नाहीसे होईल, आणि पुढचा संशोधक लिहील की जुन्या मालकाने अज्ञानापोटी घातक फेरफार केला होता. पाठचिकित्सेत ज्याला आपण भ्रष्ट परंपरा म्हणतो ती अशीच तयार होते. अडाण्यांपेक्षा अर्धशिक्षित शुद्धीकारच ती अधिक वेगाने तयार करतात.

येथे भांडारकर संस्थेचे स्मरण अपरिहार्य आहे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली पुण्यात सुरू झाले, सुखठणकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले, आणि १९६६ साली संपूर्ण संहिता सिद्ध झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. सुखठणकरांवर आरोप झाला की त्यांनी लोकांच्या ओठांवरचे श्लोक महाभारतातून 'काढून टाकले'. तो आरोप ज्यांनी आवृत्ती उघडली त्यांनी करू नये. कारण काढून टाकले काहीच नाही. जे संहितेत बसले नाही ते तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या प्रतीत कोठे सापडते याच्या नोंदीसह, जपून ठेवले आहे. उद्या एखाद्याला सुखठणकरांचा निर्णय पटला नाही, तर निर्णय फिरवण्याची सामग्री सुखठणकरांनीच त्याच्या हाती दिली आहे. शिवाय, ही व्यासांची मूळ रचना आहे असा दावा त्यांनी केला नाही. हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे हे रूप आहे, एवढेच म्हटले.

महानुभावांची रीत याहूनही जवळची वाटते. लीळाचरित्रात एकाच लीळेविषयी वेगवेगळ्या स्मृती आढळतात, तेव्हा संकलकांनी एक निवडून बाकीच्या गाळल्या नाहीत. 'वासना', 'शोध' अशा खुणा करून, कधी सांगणाऱ्याच्या नावासह, पाठभेद ग्रंथाच्या अंगातच नोंदवले. ज्या परंपरेत गुरूचा शब्द प्राणाहून मोलाचा होता, त्या परंपरेने पाठभेदाचा असा मान राखला. आणि रबरी कळांच्या एका संगणकाची 'पवित्रता' राखण्यासाठी आपण तारा कचऱ्याच्या डब्यात टाकतो!

पाश्चात्त्य परंपरेतही हा झगडा जुना आहे. विल्यम मॉरिसने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती जीर्णोद्धाराच्या विरोधातच. चर्चच्या भिंतींवरचे नंतरचे थर खरवडून 'मूळ गॉथिक' रूप देण्याची लाट तेव्हा आली होती, आणि तिच्याविरुद्ध उभी राहिलेली ही मंडळी स्वतःला 'खरवडविरोधी' म्हणवीत. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेने तत्त्व म्हणून नोंदवले की वास्तूत सर्व कालखंडांनी घातलेल्या सार्थ भरीचा आदर करावा, शैलीची एकता हे जीर्णोद्धाराचे उद्दिष्ट नव्हे, आणि जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ग्रंथांच्या क्षेत्रात जेरोम मॅगन यांचे १९८३ सालचे पुस्तक आणि डी. एफ. मॅकेन्झी यांची १९८५ सालची व्याख्याने यांनी लेखकाच्या अंतिम हेतूचे एकछत्री राज्य मोडले. छापणारे, बांधणारे, वाचणारे यांचे हातही संहितेच्या अर्थात धरले पाहिजेत, हे मान्य झाले. एकेकाळी धनिक संग्राहक जुनी पुस्तके धुऊन आणि कडा छाटून समासातली टिपणे नाहीशी करीत; आज ती टिपणे वाचण्यासाठी अभ्यासक ग्रंथालये पालथी घालतात. जुन्या संगणकांचे जग अजून धुण्याच्या आणि छाटण्याच्या युगात आहे.

कुणी म्हणेल, हे सारे ठीक. पण तारांच्या गुंत्यातून वाचायचे ते काय आणि कसे? तर तारांचे वाचन हे हस्तलिखिताच्या वाचनाइतकेच शिस्तीचे काम आहे, आणि त्याची साधने उपलब्ध आहेत. बहुतेक चिपांवर चार आकडी तारीख छापलेली असते. ८३१७ म्हणजे १९८३ सालचा सतरावा आठवडा. यावरून फेरफार कधी झाला हे ठरत नाही, पण त्यापूर्वी झाला नाही हे ठरते. कालनिर्णयाच्या शास्त्रात एवढी खालची मर्यादा हाती लागणे ही मोठी गोष्ट असते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक नव्या इलेक्ट्रॉनिक मालातल्या सोल्डरमध्ये शिसे वापरण्यावर बंदी घातली. म्हणून शिसेविरहित सोल्डरचा सांधा बहुधा अलीकडचा समजावा. उलट शिसे असलेला सांधा जुनाच असेल असे नाही, कारण छांदिष्ट आजही ते वापरतात. तारेची जात पाहावी. एका हाताने एकाच रिळातली तार अनेक ठिकाणी वापरलेली असते, आणि त्यावरून हात ओळखता येतो, जसे अक्षराच्या वळणावरून लेखनिक ओळखता येतो. सांध्यांवर उरलेला राळेचा अंश, कापलेल्या मार्गाची कड, एकावर एक बसलेले सोल्डरचे थर, हे सारे शाई आणि कागद यांच्या जागी आहे. ईप्रॉमवरची चिठ्ठी ही पुष्पिका आहे. ती सोलून काढणे म्हणजे पुष्पिका फाडणे तर आहेच, शिवाय खिडकी उघडी पडून अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जाण्याचा धोकाही आहे. आणि तो मजकूर तसाही कायमचा नाही. वर्षे लोटतील तसा तो क्षीण होतो. म्हणून सर्वांत आधी तो वाचून उतरवून घ्यावा, मग बाकीचे बोलावे.

कठीण पाठ अधिक विश्वसनीय, हा पाठचिकित्सेचा जुना नियम येथेही उपयोगी पडतो. जी तार निरर्थक दिसते तिच्यासाठी कुणीतरी वेळ, पैसा आणि यंत्र कायमचे बिघडण्याचा धोका पत्करलेला असतो. तिला अर्थ नाही, असे म्हणण्यापूर्वी तो आपल्याला कळलेला नाही, ही शक्यता तपासली पाहिजे. मगच वर्गीकरण करावे : हे कारखान्याचे ठिगळ, ही दुकानदाराची दुरुस्ती, ही मालकाची सुधारणा, आणि हा फसलेला प्रयत्न. फसलेला प्रयत्नही नोंदीतून गळू नये. कवितेच्या हस्तलिखितातील खोडलेली ओळ आपण वाचतो की नाही?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्यांश आहे.

पहिला आक्षेप : कित्येक फेरफार अडाणीपणाचे आणि धोक्याचे असतात. खरे आहे. उघडी पडलेली तार, चुकीच्या दाबाचा वीजपुरवठा, जळू पाहणारा भाग असे काही असेल तर ते काढलेच पाहिजे. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ किलोबाइटच्या ४११६ जातीच्या चिपांना तीन निरनिराळे विद्युत्‌दाब लागतात, आणि ते पुरवणारे छोटे मंडल बिघडले तर चिपा जळतात. असे यंत्र 'पुरावा' म्हणून चालवत बसणे मूर्खपणाचे होईल. पण काढणे आणि नाहीसे करणे यांत भेद आहे. काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कोणती तार कोठून कोठे जाते याचा आराखडा काढावा, काढलेला भाग पाकिटात घालून त्यावर खूण करून यंत्रासोबत ठेवावा. याला लागते एक दुपार. एवढेही न करणाऱ्याला सुरक्षेचे कारण पुढे करण्याचा अधिकार नाही.

दुसरा आक्षेप : जीर्णोद्धार करणारे तरी फेरफार कुठे टाळतात? प्रश्न रास्त आहे, आणि तो त्यांच्यावरच उलटतो. आजच्या पडद्यांशी जुळावे म्हणून स्पेक्ट्रमचा दूरचित्रवाणी-संकेत तयार करणारा भाग निकामी करून तेथून सरळ चित्रसंकेत बाहेर काढणे, ही तर या मंडळींची नित्याची क्रिया आहे. जुने कपॅसिटर बदलणे, तापणाऱ्या दाबनियंत्रकाच्या जागी थंड राहणारा नवा बसवणे, हेही तसेच. यांतले बरेच योग्य आहे. पण १९८४ साली एखाद्या विद्यार्थ्याने ओढलेली तार हे क्षेपक, आणि २०२४ साली आपण ओढलेली तार हा जीर्णोद्धार, हा न्याय कोणता? दोघांनीही तेच केले : आपल्या काळाच्या गरजेला यंत्र जुळवून घेतले. फरक एवढाच की पहिल्याचे नाव कुणाला ठाऊक नाही आणि दुसरा चित्रफीत काढून दाखवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : संग्रहालयाला एक प्रमाणभूत रूप लागते, मूळ रूप जपले नाही तर तुलना कशाशी करणार? मान्य. पण स्पेक्ट्रमचे कारखानी रूप आज अनाथ आहे काय? पन्नास लाखांच्या घरात यंत्रे विकली गेली. मंडलांचे आराखडे आणि दुरुस्तीची पुस्तिका उपलब्ध आहे. रॉममधल्या प्रत्येक आज्ञेचे विवरण करणारे पुस्तक लोगन आणि ओ'हारा यांनी १९८३ सालीच प्रसिद्ध केले. मुख्य चिपेची अंतर्गत रचना उलगडून ख्रिस स्मिथ यांनी २०१० साली ग्रंथरूपाने मांडली. त्या बळावर नव्या भागांतून स्पेक्ट्रमची नवी प्रतिकृती बांधता येते. ज्याला कारखानी रूप हवे त्याने ते खुशाल घडवावे. जे पुन्हा घडवता येत नाही ते त्या एका यंत्रातले, त्या एका माणसाचे बटण. जे विपुल आहे आणि ज्याची प्रत काढता येते, ते मिळवण्यासाठी जे एकमेव आहे ते नष्ट करणे, हा कोणता संग्रहालयधर्म?

शिवाय यंत्र जितके मोठे आणि जितके जुने, तितका हा प्रश्न अधिक टोकदार होतो. ब्रिटनमधील हार्वेल येथे १९५१ साली पहिल्यांदा चाललेला डेकाट्रॉन संगणक १९५७ साली वोल्व्हरहॅम्प्टनच्या महाविद्यालयात गेला, तेथे १९७३ पर्यंत विद्यार्थ्यांना शिकवत राहिला, आणि २००९ ते २०१२ या काळात त्याचे पुनरुज्जीवन झाले. अणुसंशोधकांच्या हाताखाली त्याची जेमतेम सहा वर्षे गेली, विद्यार्थ्यांच्या सहवासात सोळा. अशा यंत्राचे 'मूळ' म्हणून फक्त पहिली सहा वर्षे मोजावीत, असे कोणत्या तत्त्वाने ठरते?

हा प्रश्न आपल्या देशातही येऊन ठेपणार आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून बीबीसी मायक्रो संगणक भारतीय शाळांत पोहोचले. स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त भारतीय आवृत्तीही त्या दशकात बाजारात आली. त्यांतली जी यंत्रे कुठल्या शाळेच्या अडगळीत वा घराच्या माळ्यावर उरली असतील, ती बहुधा कुणी ना कुणी दुरुस्त केलेलीच असतील. सुटा भाग मिळेना तेव्हा लॅमिंग्टन रोडवर जो मिळाला तो बसवून चालू ठेवणे, ही आपली रीत. आपल्याकडील संगणकाच्या इतिहासात यंत्र बनवणाऱ्यांची नावे थोडी आहेत. ते चालू ठेवणाऱ्यांची तर नाहीतच. त्यांची सही असेल तर ती या सांध्यांतच आहे. परदेशी कारखान्याचे रूप प्रमाण मानून ते सांधे उकलले, तर जे उरेल ते केंब्रिजमध्ये आधीच जपलेल्या यंत्राची आणखी एक नक्कल असेल. आपले जे होते ते गेलेले असेल. प्रमाण संहितेच्या नावाखाली प्रादेशिक पाठपरंपरा पुसण्याचा हा प्रकार मराठीच्या अभ्यासकांना तरी समजावून सांगावा लागू नये.

या म्हणण्याचा अर्थ असा नव्हे की यंत्राला हातच लावू नये. बंद पडलेला संगणक काचेच्या कपाटात ठेवून त्याची पूजा करणे, हाही मूळवादाचाच एक अवतार आहे. यंत्र चालले पाहिजे. त्यासाठी जे बदलायला हवे ते बदलले पाहिजे. मागणी एवढीच आहे की बदलणाऱ्याने स्वतःला परंपरेचा शेवटचा धनी न समजता तिच्यातला आणखी एक लेखनिक समजावे, आणि चांगल्या लेखनिकाची कर्तव्ये पाळावीत : आधी वाचावे, मग लिहावे, जे गाळले त्याची नोंद ठेवावी, आपली भर आपली म्हणून ओळखू येईल आणि काढता येईल अशी घालावी, आणि आपल्या कामाखाली तारीख टाकावी.

आणि साहित्याच्या शिक्षकांकडे मागणी ही, की पाठचिकित्सा शिकवताना ती ताडपत्रांपुरती ठेवू नये. पुढच्या शतकात जे हस्तलिखित म्हणून अभ्यासकांपुढे येईल त्यातला मोठा भाग अशा यंत्रांतून येणार आहे. आजच्या लेखकांचे खर्डे, खोडाखोड, पत्रव्यवहार कुठल्या तरी संगणकाच्या तबकड्यांवर आहेत, आणि तो संगणक कुणीतरी उघडला, दुरुस्त केला, बदलला आहे. ते वाचण्याची वेळ येईल तेव्हा तारांचा गुंता सोडवू शकणारा माणूस पाठचिकित्सकच असावा लागेल. आणि तोवर गुंता शिल्लक असावा लागेल. तो शिल्लक ठेवायचा की नाही, याचा निर्णय मात्र आज, कुठल्यातरी टेबलावर, हातात सोल्डरची इस्त्री घेतलेला कुणीतरी आपल्याला न विचारता घेत आहे. त्याला विचारण्याजोगे आपल्यापाशी काही आहे, हे आपणच त्याला जाऊन सांगितले पाहिजे.